पंख नसलेल्यांचा पत्ता

मी मॅडमच्या ब्याण्णव बाटल्यांमधल्या चिठ्ठ्या शाईनं लिहिल्या. त्या बाटल्यांत स्पिरिट होतं, आणि स्पिरिटात शाई टिकत नाही. हे मला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून, तोच विषय तीन वर्षं कॉलेजात शिकवून झाल्यावर समजलं.

असं दोन ओळींत सांगितलं की मूर्खपणा लहान दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझं अक्षर चांगलं आहे. जैनथला लग्नपत्रिकांवरची नावं अर्धं गाव माझ्याकडून लिहून घेतं. कापूस घरात आला की पत्रिकांचे गठ्ठे येतात, मी लोडाला टेकून बसतो, चहा येतो, आणि ‘सहकुटुंब सहपरिवार’ मधल्या ‘ह’ला मी असा काही फाटा देतो की म्हातारी माणसं चष्मा पुसून बघतात. अशा माणसाला मॅडमचं अक्षर बघवत नसे. पेन्सिलीचं बुटकं थोटूक, नखाएवढा जाड कागद, आणि त्यावर कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं काहीतरी.

वनखात्याचे रेंजर साहेब आमचा किड्यांचा संग्रह बघायला येणार होते. मॅडम दोन दिवस गुडघा दाखवायला हैदराबादला गेल्या होत्या. मी निळं जेल पेन आणलं, एकेक बाटली उघडली, एकेक चिठ्ठी चिमट्यानं बाहेर काढली, तिच्यावरचं उतरवून नवी आत सोडली. जुन्या चिठ्ठ्या केराच्या टोपलीत टाकल्या. आमचा शिपाई एरवी आठवडाभर टोपली हलवत नाही, त्यानं त्याच संध्याकाळी तो केर जाळला.

तिसऱ्या दिवशी ब्याण्णव बाटल्यांत फिकट निळं आभाळ उतरलं होतं. चिठ्ठ्या कोऱ्या. किडे मात्र छान दिसत होते.

मॅडम काय म्हणाल्या, ते पुढं सांगतो. मॅडम कोण हे आधी कळलं नाही, तर ते नीट कळायचं नाही.

मॅडम मूळच्या समुद्राकडच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. तरुणपणी आदिलाबादला सरकारी कॉलेजात आल्या आणि इथलं मराठी भाजीबाजारात शिकल्या. त्यामुळं त्यांचं मराठी घासाघीस करणारं होतं. प्राचार्यांकडं नवा मायक्रोस्कोप मागतानाही त्यांचा सूर ‘असं नाई, बरोबर सांगा’ असा असे, आणि प्राचार्य कोथिंबीर तरी वर टाकून द्यावी अशा चेहऱ्यानं बसत.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गाव राहत असे. नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी मी माझं नाव, वडलांचं नाव, पदवी आणि बारावीपासूनचे गुण सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक. कुठचे?”

“जैनथ.”

“नदीच्या बाजूचे का रस्त्याच्या?”

“रस्त्याच्या.”

“बरं जैनथ, ती चाळणी घ्या.”

तेव्हापासून मी जैनथ. बेज्जूरहून आलेली एक विद्यार्थिनी होती, ती बेज्जूर. तिचं लग्न होऊन ती चंद्रपूरला गेली तेव्हा मॅडम दोन दिवस बेचैन होत्या. “आता तिला काय म्हणायचं, जैनथ?” असं त्यांनी मला खरोखर काळजीनं विचारलं.

किड्यांनाही हाच न्याय. कुणी काडेपेटीत भुंगेरा घालून आणला की इतर प्राध्यापक म्हणतात, अरे वा, हा अमुक. मॅडम म्हणत, “कुठून उचलला? कुठल्या झाडाखाली? ओल होती का?” पोरगा डोकं खाजवायला लागला की काडेपेटी परत. “नाव मागून भेटते. पत्ता गेला तर किडा नुस्ता कचरा.”

पत्त्याचा हा सोस उगीच नव्हता. फार पूर्वी, पृथ्वी गारठली होती त्या काळात, आपल्याकडची जंगलं नेमकी कुठं तग धरून राहिली, हे त्यांना किड्यांकडून काढून घ्यायचं होतं. पहिल्यांदा वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, आदिलाबादले बर्फ? इथं तं उन्हाळ्यात डांबर वितळते.”

“बर्फ इथं कशाला पडंल?” मॅडम म्हणाल्या. “बर्फ तिकडं वर, उत्तरेला. इथं उपास. जगाचं पाणी बर्फात अडकलं, आपला पाऊस आटला. जंगल मरत गेलं. कुठं राहिलं असंल?”

मग त्यांनी विहिरींचं उदाहरण दिलं. गावात वीस विहिरी आहेत. यंदा पाऊस चांगला, सगळ्या भरल्या. मागच्या मोठ्या दुष्काळात कुठली आटली नव्हती, हे आज कसं ओळखायचं? पाणी बघून कळणार नाही, पाणी सगळीकडं सारखंच. पण एका विहिरीत म्हातारं कासव आहे. ते काही उडत आलेलं नाही. ती विहीर आटली असती तर ते मेलं असतं.

“आपलं कासव तिळाएवढं आहे,” मॅडम म्हणाल्या. “पंख नाईत.”

पालापाचोळ्यात, ओलाव्याला धरून राहणारा एक भुंगेरा. धान्यातल्या सोंड्याचा रानातला भाऊ म्हणा. पाठीवरची दोन झाकणं एकमेकांना कायमची चिकटलेली, खाली पंखच नाहीत. कोरडं माळरान ओलांडणं त्याला जमत नाही, शेजारच्या नाल्यातही जाता येत नाही. म्हणजे तो ज्या नाल्यात सापडेल, तिथली सावली आणि ओल हजारो वर्षांत एकदाही तुटलेली नाही. उडणारे किडे काय, पाऊस आला की पाहुण्यासारखे कुठंही येतात.

हा किडा शोधायची रीत अशी. पाचोळा चाळणीतून चाळायचा, खाली पडलेला चुरा पांढऱ्या कापडावर पसरायचा, आणि गप्प बसायचं. कारण हलवल्याबरोबर हा गडी पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो. अंगाला माती फासलेली असते, मातीच्या खड्यात आणि त्याच्यात काही फरक राहत नाही. तो स्वतःहून चालेपर्यंत थांबायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मॅडम लाकडी पाटावर बसून, हनुवटी मुठीवर टेकवून, अशा काही थांबत की एकदा त्यांच्या खांद्यावर चतुर येऊन बसला. आपण कुणाच्या खांद्यावर बसलोय हे त्याला अखेरपर्यंत कळलं नाही.

परीक्षेत पर्यवेक्षणाला त्या तशाच बसत. कॉपीवाली पोरं दुसऱ्या मास्तरांना भीत नसत, मॅडमना भीत. फिरणं नाही, ओरडणं नाही. “पोरगा पण आधी मेल्याचं सोंग घेतो,” त्या मला म्हणाल्या होत्या. “दहा मिनिटानं हलतोच.”

पाचोळ्याची पोती त्या एसटीनं आणत. एकदा इचोड्याला बस भरलेली, आम्ही दोघं दोन पोती घेऊन चढलो. पागोट्यातल्या एका गृहस्थानं पाय ठेवायला पोतं चाचपलं.

“काय हाये बाई?”

“कचरा,” मॅडम म्हणाल्या.

“कुठं नेता?”

“आदिलाबादला.”

गृहस्थानं थोडा विचार केला. “काऊन? आदिलाबादचा संपला का?”

बस हसली. मी लाजेनं खिडकीबाहेर बघत राहिलो. मॅडमनी मात्र गृहस्थांना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि तुमच्या गावाजवळ कुठं बारमाही ओलीची जागा आहे का, हे आदिलाबाद येईपर्यंत विचारून घेतलं. उतरताना त्या गृहस्थांनीच एक पोतं खांद्यावर घेतलं होतं. दुसरं माझ्याकडं होतं, आणि मी अजून लाजत होतो.

त्या पोत्यांतला पाचोळा मॅडम घरी पत्र्याच्या नरसाळ्यांत भरून त्यावर बल्ब लावत. ऊब वरून येते, किडे ओलीकडं खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. शेजारणींना वाटायचं मॅडम पिल्लं उबवतात. एक जण खरंच सहा अंडी घेऊन आली. मॅडमनी तिला हसून घालवलं नाही. नरसाळ्यात अंडी का उबणार नाहीत, हे तिला समजावून सांगितलं, पोहे केले आणि तिच्या माहेरचा पत्ता लिहून घेतला. तिथं डोंगर होता.

तर अशा माणसाच्या चिठ्ठ्या मी सुंदर अक्षरात पुसल्या होत्या.

आणि पुसल्या त्या कुठल्या वेळी. इचोड्याच्या वरच्या डोंगरातल्या पाच नाल्यांत झुडपं साफ करून सागाची रोपं लावायचं ठरलं होतं. साग लावायचा म्हणजे आधी जमीन मोकळी, म्हणजे पाचोळा गेला, सावली गेली. रेंजर साहेब भले गृहस्थ होते, मॅडमकडं चहाला येत. ते म्हणाले होते, “मॅडम, पाचों तो मेरे हाथ में नहीं। लेकिन एक नाला फेहरिस्त से निकाल सकता हूँ। कौन सा, आप बोलो। होली के पहले बोलो।” म्हणजे यादीतून पाचातला एकच वगळता येणार होता. मॅडमनी सबंध पावसाळा त्या पाच नाल्यांत घालवला होता, गुडघ्याला पट्टा बांधून. कुठला नाला जुना, हे त्या ब्याण्णव बाटल्यांत होतं. वहीत नोंदी होत्याच, पण वहीतल्या नंबराला बाटलीशी जोडणारा नंबर चिठ्ठीवर. आणि चिठ्ठी कोरी.

मॅडम हैदराबादहून आल्या. मी सांगितलं. सांगताना माझा आवाज असा झाला होता की शिपायानं पाणी आणून दिलं. मॅडमनी एक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

“निळं काऊन?”

“जेल पेन.”

“अक्षर चांगलं काढलं होतं?”

“हो मॅडम.”

“वाया गेलं,” त्या म्हणाल्या. बाटली जागेवर ठेवली आणि तासाला गेल्या. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. बेडकाची पचनसंस्था शिकवत होत्या, नेहमीच्याच आवाजात. त्या मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी तयारी होती.

दुपारी मला एक मार्ग सुचला. मार्ग सुचणं ही माझी जुनी खोड आहे. “मॅडम, तुम्हाला तर आठवतच असेल. चांगले किडे धबधब्याच्या नाल्यातच होते ना? तेच सांगून टाकू.” धबधब्याचा नाला सगळ्यांत देखणा. रविवारी लोक डबे घेऊन येतात. पाच नाल्यांतला एकच वाचवायचा, तर कुणीही डोळे मिटून त्याचंच नाव घेईल.

“मला पण तसंच वाटते,” मॅडम म्हणाल्या.

“मग झालं.”

“काय झालं? मला वाटते ते मला वाटते. नाल्याला त्याचं काय?”

संध्याकाळी रेंजर साहेब आले. त्यांनीही तेच सुचवलं. “आप बस नाम बोल दो मॅडम, मैं लिखकर दस्तखत ले लेता हूँ। कौन देखने आ रहा है?”

“मालूम नहीं,” मॅडम म्हणाल्या. ‘कौन देखने आ रहा है’ याला ते उत्तर नव्हतं. कुठला नाला, ते मालूम नहीं. जे पावसाळाभर स्वतः गोळा केलं, ते आता मला माहीत नाही, असं म्हणणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं. आमच्या धंद्यात माहीत नसलेलं सांगायचाच पगार मिळतो.

साहेब गेल्यावर त्यांनी विचारलं, “जैनथ, होळीला किती दिवस?”

“नऊ.”

“सहा धरा. परत जाऊ.”

मी म्हटलं, आता किडे कुठून सापडणार? सगळं वाळलंय. पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडतोय. त्या पाट शोधत होत्या. पाट सापडल्यावर म्हणाल्या, “वाळलं तेच चांगलं. पावसाळ्यात सगळ्या विहिरी भरलेल्या. आता दुष्काळ आहे. आता बघू कोण घरी आहे.”

सहा दिवस आम्ही इचोड्याला सकाळच्या बसनं उतरायचो, ढाब्यावर चहा, मग ऑटो, मग चढण. मॅडम चढताना गुडघ्याशी तेलुगूत बोलत. काय बोलत ते मी विचारलं नाही, सूर घासाघिशीचाच होता. मी मागून पाट, चाळणी, चादर आणि अपराध घेऊन.

पहिला नाला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा धबधब्याचा. तिथं आम्ही दोन दिवस घातले. चादरीवर चुरा पसरला की मुंग्या निघत, उडणारे बारीक किडे निघत, चिप्सच्या पाकिटांचे तुकडे निघत. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी चादर झटकली आणि घडी घातली.

“इथं नाई.”

“पण मॅडम, पावसाळ्यात तुम्हाला...”

“मी चुकले होते. चांगली जागा दिसली की मन चांगले किडे तिथं नेऊन ठेवते.” मग थोड्या वेळानं, “लिहून दिलं असतं तर?”

मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणाच्या क्षणांपैकी तो एक.

चौथ्या नाल्यातही काही निघालं नाही. उरला पाचवा, वांग्याचा नाला. नाव यावरून की त्याच्या तोंडाशी एका मावशींचा वांग्याचा मळा. नाला म्हणजे नुसती अडचण: काटेरी, अरुंद, वाकून शिरावं लागणारा, आत कुजलेला वास. पावसाळ्यातही मी तिथं बाहेरच थांबलो होतो.

तो नाला आज आहे. साग बाकीच्या चार नाल्यांत लागला. वांग्याच्या नाल्याला दगड रोवून हद्द केली आहे, आत कोयता चालत नाही. मॅडम निवृत्त होऊन समुद्राकडं बहिणीच्या घरी गेल्या. महिन्यातून एकदा फोन येतो, माझी प्रकृती न विचारता ‘जैनथ, ओल आहे का?’ एवढं विचारतात, आणि मी स्वतः वर जाऊन हात लावून आलो नसेन तर ‘असेल’ म्हणण्याची माझी छाती होत नाही. स्टाफरूममध्ये नवीन कुणी आलं की मी ही सगळी हकीकत सांगतो. तिचा शेवट गेली काही वर्षं असा सांगत आलो आहे की तो किडा मी शोधला. ते खरं नाही. खरं असं.

सहावा दिवस होता. रेंजर साहेब चार वाजता तिथंच येणार होते, नाव घेऊन जायला. सकाळपासून आम्ही सात चादरी पसरल्या होत्या. सातांत काही नाही. मॅडमचा गुडघा उशीएवढा झाला होता. नाल्याच्या आत, दोन खडकांच्या फटीत एक झिरपा होता, तिथला पाचोळा काळा आणि गार लागला. तो त्यांनी स्वतः ओंजळीनं भरला. आठवी चादर.

मावशी डोक्यावर टोपलं घेऊन बघायला आल्या. “काय हारवलं म्याडम?”

“किडा,” मॅडम चादरीवरची नजर न काढता म्हणाल्या.

“किडे तं माया वांग्यात लय हायेत. घेऊन जा.”

मग त्या तिथंच बसल्या. झिरप्याकडं बघून म्हणाल्या, “हे पानी माया सासूच्या वक्तापासून आटलं नाई. तिच्या सासूच्याबी.” मॅडमनी मान हलवली. एवढंच.

खाली जीप थांबली. साहेब धापा टाकत वर आले. पावणेचार झाले होते. मी घाबरलो की माझं तोंड सुरू होतं. मी साहेबांना सगळं समजावू लागलो. पृथ्वी कशी गारठली, पाऊस कसा आटला, कासव, विहीर. साहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणून मी मावशींकडं वळलो आणि तेच पुन्हा मराठीत सुरू केलं. मग साहेबांना सुचवलं की आज नाही सापडला तरी आणखी दोन दिवसांची मुदत, तसा अर्ज मी स्वतः लिहून देईन. मध्येच एकदा मॅडमना धीर दिला. म्हटलं, मॅडम, तुम्ही प्रयत्न केलेत, हे कमी नाही. मॅडम हनुवटी मुठीवर टेकवून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी चादरीच्या अगदी कडेला उभा होतो, हात हलवत, आणि दर वाक्याला माझ्या सावलीनं चादर झाकली जात होती.

“...म्हणजे साहेब, मुद्दा असा, की विज्ञानात कधी कधी न सापडणं हेही एक...”

मावशींनी माझ्या पँटचा पाय धरून मला मागं ओढलं.

“ओ मास्तर,” त्या म्हणाल्या, “तोंड बंद करा पयले अन् बाजूले व्हा. किडा चालून राह्यला.”